बचावपटूचं वय आणि अनस एडथोडिका

या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की चोविशीपर्यंत भारतीय फुटबॉल संघात बोलावणं आलं नाही, तर बचावपटूची कारकीर्द तिथेच अडकते. स्ट्रायकरबद्दल, म्हणजे गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूबद्दल, कदाचित खरं असेल, सेंटर-बॅकबद्दल, म्हणजे मधल्या बचावपटूबद्दल, अजिबात पटत नाही. अनस एडथोडिकाचं नाव इथे अजून कुणीच कसं घेतलं नाही? मलप्पुरमजवळच्या कोंडोट्टीचा मुलगा, कधीकाळी रिक्षा चालवलेला. आधी मुंबई एफसी, मग पुणे एफसी, म्हणजे उमेदीची वर्षं आपल्याकडेच खेळला. २०१२-१३ ला पुणे आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, दुसरं आलं, तेव्हाही तो संघात होता. भारताकडून पहिला सामना मात्र मार्च २०१७ मध्ये, कंबोडियाविरुद्ध, वयाच्या तिसाव्या वर्षी!

बालेवाडीला त्याला बघितलंय मी. घसरून टॅकल करायची वेळ तो स्वतःवर क्वचितच येऊ द्यायचा, दोन पावलं आधीच जागेवर उभा असायचा. ही समज सामने खेळून खेळूनच येते, म्हणून बचावपटू उशिरा पिकतो. १० जून २०१८, अंधेरी, इंटरकॉन्टिनेंटल कपची फायनल, समोर केनिया. अनसने मागून उंच लांब चेंडू टाकला, भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्रीने छातीवर घेतला आणि डाव्या पायाने गोल. सगळ्यांना छेत्रीच आठवतो, मला तो पास आठवतो. पुढे जानेवारी २०१९ च्या आशियाई चषकात बहारीनविरुद्ध अवघ्या काही मिनिटांत दुखापतीने बाहेर जावं लागलं आणि त्यानंतर लगेच त्याने आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.