'मॅनर'ला मराठीत काय म्हणाल?

सायली_के: इंग्लंडच्या केंटमधल्या नोल या जुन्या वास्तूवरचा लेख मराठीत करतेय. पहिल्याच वाक्याला अडले. कँटरबरीचे आर्चबिशप बाउचर यांनी १४५६ मध्ये नोलचा मॅनर विकत घेतला. मी 'वाडा विकत घेतला' असं लिहिलं. काकांनी वाचून विचारलं, "मग शेतं नि कुळं कुठे गेली?"

माजघर: वाडाच ठेवा. वाचणाऱ्याला कळतं.

वऱ्हाडी_ठेचा: वाडा शहरातला. खेड्यातली ती गढी. माझ्या आजोळी देशमुखांची होती. आता नुसता मातीचा उंचवटा उरलाय.

धोपटमार्गी: दोघंही भिंतींत अडकलात. इंग्लंडमधल्या जमिनींच्या १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत मॅनर म्हणजे जमीन, कुळं, उत्पन्न. धन्याची स्वतःची कचेरी असे. कुळाची जमीन तिथल्या दप्तरात चढे आणि त्या नोंदीची नक्कल हाच कुळाचा कागद, म्हणून 'कॉपीहोल्ड'. हा प्रकार १९२६ पर्यंत टिकला. सरळ 'जहागीर' लिहा.

शब्दकिडा: जहागीर सरकार काढून घेऊ शकतं. 'वतन' लिहा. मॅनरच्या मुळाशी लॅटिन 'मानेरे', म्हणजे राहणं. वतन अरबी, तेही मुळात राहण्याचं ठिकाण. दोन्हीकडे मुक्कामाचा हक्क झाला. आपल्याकडे अर्धी पाटीलकी विकल्याचे कागद सापडतात, तिकडे मॅनरचं धनीपण आजही विकतात.

संस्कृतप्रेमी: पुन्हा अरबी! 'भूस्वामित्व' काय वाईट आहे? महाराजांनी राज्यव्यवहारकोश उगाच करून घेतला का?

शब्दकिडा: कोश झाला, तरी वतन वतनच राहिलं की!

माजघर: पण वतनाला चाकरी लागते. पाटील गावाचा वसूल बघायचा. नोलवाल्यांनी काय केलं?

सायली_के: पुढे नोल ज्यांच्याकडे गेलं, त्या टॉमस सॅकव्हिलकडे एलिझाबेथ राणीची खजिनदारी होती!

माजघर: ती नोलपायी थोडीच मिळाली? आधी खजिनदारी, मग नोल.

सायली_के: हं, हे खरंय. मधेही क्रॅनमर आर्चबिशपांकडून आठव्या हेन्रीने नोल घेतलंच होतं. म्हणजे काढून घेता येत होतं.

धोपटमार्गी: जहागीर! सांगत होतो ना.

आत्याबाई: त्याच घराण्यातल्या लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्टचं लिहिणार ना? जन्म नोलमधला, आईबापांची एकुलती एक. तरी १९२८ मध्ये वडील गेल्यावर वास्तू काकाला. आमच्या पणजीची हीच गत. घरात कुलूपकिल्ल्या तिच्याकडे, सातबाऱ्यावर दीर.

संस्कृतप्रेमी: विषय शब्दाचा आहे, ताई.

आत्याबाई: 'वारस' हा शब्दच आहे की. बायकांसाठी वेगळा आहे का तुमच्या कोशात?

वऱ्हाडी_ठेचा: गढीची पांढरी माती माळवदावर टाकायला लोक न्यायचे. पाणी गळत नाही म्हणत. असा उंचवटा आहे का नोलला?

सायली_के: नाही हो, दगडी आहे, भोवती हरणांचं रान. मी तूर्त 'नोलची मॅनर' लिहून ठेवलंय.

माजघर: नोलची? नोलचा म्हणा. वरच्या वाक्यात तुम्हीच 'नोलचा' लिहिलंय.

शब्दकिडा: वतन धरलं तर 'नोलचं'.