सुई टोचल्याची नोंद करायला सिस्टर घाबरतात, काय करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी एका खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. वॉर्डात सिस्टरना वापरलेली सुई चुकून टोचण्याचे प्रकार होतात, रजिस्टर मात्र कोरं. विचारलं की मुली म्हणतात, "मॅडम, मेट्रनची बोलणी कोण खाणार?"

कारणं डोळ्यांसमोर आहेत. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायची सवय, रात्रपाळीला एकीवर अख्खा वॉर्ड, आणि शार्प्सचा (वापरलेल्या सुया-ब्लेड टाकायचा) पांढरा डबा ट्रॉलीवर नाही, पार ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात. त्यात पेशंटने ऐनवेळी हात झटकला की संपलंच. नवीन मुलींचे हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का, हेही कोणी बघत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ही लस देणं रुग्णालयाचं काम आहे. सगळ्यांना धसका एचआयव्हीचा. बाधित रक्ताची सुई टोचली तर तो धोका साधारण ०.३ टक्के, आणि लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बीचा ३० टक्क्यांपर्यंत! पण ऐकतंय कोण?

तुमच्याकडे नाव न लिहिता नोंद करायची सोय आहे का? ती चालते का? दुसरं, एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या दोन तासांतच सुरू व्हायला हवीत. रात्री ती कॅज्युअल्टीत ठेवता की फार्मसीवाल्याला उठवता? आणि कंत्राटी सिस्टरच्या रक्ततपासणीचा खर्च कोण करतं? आमच्याकडे घोडं तिथेच अडतं. कोणाकडे मराठीत छापलेला साधा फॉर्म असेल तर कृपया पाठवा.