अनुभव धागा : रेल्वे अपघात, भरपाईचा दावा आणि पहिल्या दिवशीचा कागद

धागाकर्ती

माझ्या नवऱ्याच्या केसमधला पहिला कागद जेमतेम दोन ओळींचा आहे. स्टेशन मास्तरांनी लोहमार्ग पोलिसांना दिलेला मेमो. "एक पुरुष, वय अंदाजे ४०, डाउन लाईनच्या बाजूला जखमी मिळून आला. रूळ ओलांडताना गाडीची धडक." हे लिहिलं गेलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता, मी घरी कुकर लावत होते आणि त्याला पडताना पाहिलेली माणसं त्याच गाडीने पुढे गेली होती. मग 'रूळ ओलांडताना' कुणी पाहिलं? कुणीच नाही. तरी पुढची चार वर्षं आम्ही त्या दोन शब्दांशी भांडलो.

२०१९चा जुलै, संध्याकाळची फास्ट लोकल, दोन स्टेशनांच्या मध्ये. डावा पाय गुडघ्याखाली गेला.

कायदा थोडक्यात सांगते, कारण मला तो वेळेवर कुणी सांगितला नाही. रेल्वे कायदा १९८९, कलम १२४अ. प्रवासी गाडीतून प्रवासी अपघाताने पडला तर भरपाई मिळते आणि त्यासाठी रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. आत्महत्येचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा, वेडाचा झटका किंवा आजारपण यांतलं काही निघालं तर मात्र रेल्वे सुटते. रूळ ओलांडणारा तर त्या कलमात बसतच नाही, उलट कलम १४७खाली तोच गुन्हेगार. म्हणजे मेमोतल्या दोन शब्दांनी आमचा प्रवासीच पुसून टाकला होता.

आम्हाला वाचवलं डब्याच्या पिशवीने. ती रॅकवर राहिली होती आणि गाडीबरोबर पुढे गेली. रोज बरोबर प्रवास करणाऱ्या ग्रुपमधल्या एकाने ती उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी घरी आणून दिली. आत स्टीलचा डबा, अर्धी उरलेली भेंडी, छत्री, चष्म्याचं घर. मी डबा घासून टाकला होता! वकील म्हणाले, अहो, रूळ ओलांडणाऱ्याची पिशवी गाडीत कशी जाईल? त्या ग्रुपवाल्याने प्रतिज्ञापत्र दिलं, उलटतपासणीला सुट्टी टाकून आला.

ज्यांनी दावा केला, जिंकला, हरला किंवा अर्ध्यात सोडला, त्यांनी लिहा. तुमच्या पहिल्या कागदावर काय होतं, तेही सांगा. वकिलांची नावं नकोत.

सीझन पास

लहान भाऊ, २०२१. पास पाकिटात, पाकीट खिशात, आणि हॉस्पिटलला पोचेपर्यंत खिसा रिकामा. पंचनाम्यात सरळ 'तिकीट मिळून आले नाही'. रेल्वेच्या उत्तरातही तेवढंच, प्रवासी असल्याचा पुरावा नाही.

आमच्या आईला कागद टाकवत नाहीत. तिने त्याचे तीन वर्षांचे जुने पास रबरबँड लावून बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. सगळ्यांवर एकच ओळखपत्र क्रमांक, एकच मार्ग. ते जोडले, सोबत भावाचं प्रतिज्ञापत्र. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा रीना देवी निकाल लावला, ९ मे २०१८चा. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. दावेदाराने प्रतिज्ञापत्रावर सुरुवातीचा भार उचलला की उलट सिद्ध करणं रेल्वेकडे जातं. हा निकाल नसता तर आम्ही कुठेच नव्हतो. तोवर वर्षानुवर्षं लोक या एका तिकिटापायी परत गेले असतील, असं मला वाटतं.

निवृत्त गार्ड

एकतीस वर्षं गाडीच्या शेपटाला बसलो. २०२२पासून आमच्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मी गार्ड म्हणूनच घरी आलो.

ताई, तुमचा मेमो वाचून वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही. गर्दीत माणूस पडतो तेव्हा बऱ्याचदा त्याच गाडीच्या मोटरमनला आणि गार्डला पत्ताच नसतो. मागून येणाऱ्या गाडीचा मोटरमन बघतो आणि कळवतो, "अमुक खांबाजवळ माणूस पडलाय." आता 'पडलाय' म्हणजे गाडीतून पडला की नुसता पडून आहे? मराठीतसुद्धा कळत नाही, आणि मेमोत ते हिंदी-इंग्रजीत उतरतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यावर दोन गाड्यांची वेळ, हमाल शोधणं, स्ट्रेचर. रोज रूळ ओलांडणारे बघून हात त्याच शब्दांकडे वळतो. मी समर्थन करत नाही, कसं होतं ते सांगतोय.

दुसरी गोष्ट. दावा दाखल झाला की आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, चौकशी करते आणि त्यावरून डीआरएमचा, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकाचा, रिपोर्ट तयार होतो. त्यासाठी घरच्यांचा जबाब घ्यायला माणूस येतो, बहुतेक वेळा सभ्यपणे बोलतो, चहा घेतो. लोक भिडेपोटी न वाचता सही करतात. पुढे तोच जबाब तुमच्याविरुद्ध वाचला जातो. चहा पाजा, पण आधी वाचा. भाषा कळत नसेल तर तसं लिहूनच सही करा.

विदर्भवाला

आमचे बाबा २०१४ साली गेले. एक्स्प्रेस गाडी, बाहेरच्या राज्यातलं स्टेशन. पाणी घ्यायला उतरले, गाडी हलली, चढताना हात सुटला. आम्हाला वाटायचं की अपघात तिकडे तर केसही तिकडेच लढावी लागणार. त्यातच वर्ष गेलं. मग कळलं की दावेदार राहतो तिथल्या रेल्वे दावे न्यायाधिकरणाच्या पीठाकडेही अर्ज करता येतो. आमच्यासाठी नागपूर. मुदत अपघातापासून एक वर्षाची असते, आम्हाला चौदा महिने झाले होते. उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज द्यावा लागला, आईच्या आजारपणाचे कागद लावून. माफ झाला. पण तो होईपर्यंत पोटात गोळा.

रेल्वेचे दोन मुद्दे. पहिला, चालती गाडी पकडली म्हणजे स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं. त्याला रीना देवी निकालातच उत्तर आहे, चढता-उतरताना झालेला अपघातही यात बसतो. दुसरा मुद्दा जिव्हारी लागला. मरणोत्तर पंचनाम्यात कुणीतरी 'तोंडाला दारूसारखा वास' असं लिहून ठेवलं होतं. बाबा माळकरी. आई ते ऐकून दोन दिवस जेवली नाही. व्हिसेरा रिपोर्ट, म्हणजे शरीरातल्या अवयवांच्या रासायनिक तपासणीचा कागद, मिळवायला मी किती खेटे घातले ते सांगत नाही. शेवटी आला, अल्कोहोल नाही.

अपघात झाला तेव्हा मृत्यूची भरपाई ४ लाख होती. १ जानेवारी २०१७पासून ती ८ लाख झाली. निकाल २०१९ला लागला. जुनी रक्कम व्याजासह धरून निकालाच्या दिवशीच्या रकमेपेक्षा कमी भरत असेल, तर जास्त असेल ती द्यायची, असा नियम आहे. म्हणून ८ लाख मिळाले. पैकी बराच भाग आईच्या नावाने मुदत ठेवीत गेला. तेव्हा राग आला होता. आज वाटतं बरं झालं, नाहीतर नातेवाईकांनी महिनाभरात उडवले असते.

स्पष्टच बोलतो

राग मानू नका, पण दारात लटकायचं कशाला? भरपाई आमच्याच करातून जाते.

धागाकर्ती

राग आलाच. संध्याकाळी साडेसहाला फास्टमध्ये आत शिरून दाखवा, मग बोलू. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारातली माणसं खाली पडली, मेली. ती हौसेने उभी होती का? आणि कायद्याचंच म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाचा जमीला निकाल वाचा, २०१०चा. उघड्या दारात उभं राहणं फार तर निष्काळजीपणा म्हणा, पण कलमात म्हटलेलं गुन्हेगारी कृत्य नव्हे. निष्काळजीपणाने हे पैसे कापले जात नाहीत.

नाव नको

आम्ही हरलो. भाऊ खरंच रूळ ओलांडत होता, पूल लांब पडतो म्हणून. वॉर्डात एक माणूस कार्ड देऊन गेला, 'गाडीतून पडला म्हणा, साक्षीदार मी आणतो, निम्मे माझे.' वडिलांनी सही केली. साक्षीदाराला गाडी कोणत्या प्लॅटफॉर्मवरून सुटली तेही सांगता आलं नाही. दावा फेटाळला गेला आणि भावाचं नाव खोटेपणात निघालं, ते वेगळंच. खरं तेच लिहिलं असतं तर पैसे मिळालेच नसते, पण वडिलांना त्या पिंजऱ्यात मान खाली घालावी लागली नसती.

गँगमनचा पुतण्या

इथे सगळे प्रवासी आहेत, म्हणून वेगळं लिहितो. माझा चुलतभाऊ ठेकेदाराकडे ट्रॅकच्या कामावर. रूळ हलवताना पहार निसटली, उजव्या हाताचा अंगठा गेला. त्याला कलम १२४अ नाही. त्याच्यासाठी तेव्हाचा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३चा. नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, म्हणून सांगतो ते जुन्या कायद्याचं. अंगठा गेला की कमाईची क्षमता ३० टक्के गेली, असं त्याच्या अनुसूचीतच छापलं होतं. हिशोब असा होता की मासिक पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक, आणि त्याचे ३० टक्के. वय ३० असेल तर गुणक २०७.९८.

ठेकेदाराने पहिल्या दिवशी काय केलं असेल? हजेरीपटावर त्या दिवसाची त्याची गैरहजेरी लावली. पण मुकादमाने सकाळीच गँगचा फोटो ग्रुपवर टाकला होता, त्यात हा हिरवट-पिवळं जाकीट घालून दुसऱ्या नंबरला उभा. तोच पुरावा. ठेकेदार हात वर करतो तेव्हा काम देणाऱ्या मूळ मालकालाही धरता यायचं, कलम १२. अपघातानंतर महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, शिवाय ५० टक्क्यांपर्यंत दंड, असं होतं. दाव्याची मुदत तेव्हा दोन वर्षं होती.

चौकशी

ऑनलाइन तिकिटाबरोबर ४५ पैशांचा विमा असतो तो लोकलला चालतो का?

विदर्भवाला

नाही. तो आयआरसीटीसीच्या आरक्षित ई-तिकिटाला, मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. वारसाचं नाव भरून ठेवा, तिकीट काढताना सगळे तेच टाळतात. तो विमा वेगळा, कलमाखालची भरपाई वेगळी.

धागाकर्ती

पाय गेलेल्यांसाठी एक राहिलं. रक्कम डॉक्टरच्या दयेवर नसते, नियमांना जोडलेल्या तक्त्यावर ठरते. गुडघ्याखाली पाय कापला असेल तर उरलेला स्टंप १२.७० सेंटीमीटरच्या वर की खाली, यावर आकडा बदलतो. आमच्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'बिलो नी' होतं. पुन्हा सरकारी रुग्णालयात जाऊन मोजमाप लिहून आणावं लागलं. डॉक्टरांनी खिशातून शिंप्याची टेप काढली, दोनदा मोजलं, आणि नवरा म्हणाला, "पँट शिवायची आहे का?" चार महिन्यांत पहिल्यांदा हसला होता.

नवीन सभासद

ताई, माझा भाऊ काल रात्री गाडीतून पडला. आयसीयूत आहे. हा धागा आत्ता वॉर्डाबाहेर बसून वाचतोय. आज काय करू?

धागाकर्ती

आधी भावाकडे बघ. मग त्याचा मोबाईल, पास, चप्पल, जे असेल ते एका पिशवीत घाल, धुऊ नकोस. सोबत कोण होतं, त्यांचे नंबर घे. आणि स्टेशनवरून मेमोत काय लिहिलंय ते बघून ये.

नवीन सभासद

मेमो बघितला, फोटो काढू दिला त्यांनी. "डाउन लाईनजवळ जखमी अवस्थेत मिळाला" एवढंच आहे.

निवृत्त गार्ड

बरं आहे. 'ओलांडताना' नाही. आता हॉस्पिटलचा एमएलसी कागद बघा, पोलीस केस म्हणून डॉक्टर करतात ती नोंद. त्यात हिस्ट्री असते, कसं लागलं ते. कुणी सांगितली?

नवीन सभासद

मीच सांगितली काका. ट्रेनमधून पडला म्हणालो. थांबा, बघून येतो.

त्यांनी 'आरटीए' लिहिलंय. म्हणजे काय?

निवृत्त गार्ड

रस्त्यावरचा अपघात. ड्युटी बदलायच्या आत त्याच डॉक्टरांकडे जा. सांगा, रस्ता नाही, ट्रेन. खाडाखोड नको, खाली नवीन नोंद, वेळ घालून सही. पळा.