एका ताऱ्यावरून हुद्दा ठरवताना
ऑस्ट्रो-हंगेरियन सैन्यातील एका अधिकाऱ्याच्या जुन्या छायाचित्राबद्दल, कॉलरवर एकच तारा आहे म्हणून तो लेफ्टनंट असावा, असा तर्क मांडला गेला आहे; तो मला घाईचा वाटतो. त्या सैन्यात मेजरलाही एकच तारा असे. मात्र त्याचा तारा रुंद जरीच्या पट्टीवर असे, तर लेफ्टनंटचा साध्या रंगीत कापडावर. चित्र मोठे करून पाहिल्यास ताऱ्याभोवती जरीची वीण स्पष्ट दिसते, म्हणून मी यांना मेजर मानतो. त्रिकोणी घडी घातलेल्या फितीवरचा क्रॉस ‘कार्ल ट्रुपेनक्रॉइत्स’ हे लष्करी पदक असेल, तर सम्राट कार्ल यांनी तो डिसेंबर १९१६ मध्ये सुरू केल्यामुळे छायाचित्र त्यापूर्वीचे असणे शक्य नाही. टोपीवरील आधीचे सम्राट फ्रान्झ योसेफ यांच्या आद्याक्षरांवर विसंबून छायाचित्राचा काळ ठरवू नये; त्यांच्या निधनानंतरही जुन्या टोप्या वापरात होत्या.