मदत हवी आहे: गरम झालेली गाडी पुन्हा सुरू होत नाही

पेट्रोल गाडी, मॅन्युअल, 14 वर्षं जुनी, 1,30,000 किमी झालेली. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. पण मुलांना सोडून, सामान घेऊन दहा-पंधरा मिनिटांनी परत आलं की सेल्फ जोरात फिरतो, इंजिन मात्र पकडत नाही. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू! काल सासूबाईंना दवाखान्यातून आणताना हेच झालं, आता घरात कोणाचाच तिच्यावर भरवसा नाही.

बॅटरी नवी (बंद असताना 12.6 व्होल्ट). स्पार्क प्लग, फ्युएल फिल्टर बदलून झाले. टेम्परेचरचा काटा मध्यावरच असतो, चेक इंजिनचा दिवा लागत नाही. गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते, त्यामुळे मेकॅनिक अंदाजानेच फ्युएल पंप बदलू म्हणतोय. मला क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कंप्युटरला कळवणारा सेन्सर) संशय आहे. दोन्ही बदलायचं बजेट नाही. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, गाडीचे एरर कोड वाचणारा स्कॅनर नाही.

गाडी अडलेली असताना, जागच्या जागी, दोष पंपाचा की सेन्सरचा हे कसं ओळखायचं? सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नाही, त्यावरून काही कळतं का?