भौमितिक अमूर्त चित्रांच्या छापील प्रती घरात लावण्याविषयी सल्ला हवा आहे

प्रश्नकर्ती (मुलुंड):
नमस्कार. आमच्या दिवाणखान्यात साडेसहा फूट लांबीच्या सोफ्यामागची भिंत रिकामी आहे आणि तिथे भौमितिक अमूर्त चित्रांच्या दोन-तीन छापील प्रती लावाव्यात, असे मनात आहे. डच चित्रकार मोंद्रियान आणि आपले सैयद हैदर रझा यांची चित्रे मला विशेष आवडतात. अडचण अशी, की ही भिंत इमारतीची पश्चिमेकडची, बाहेरची आहे आणि जुलैमध्ये तिचा खालचा कोपरा ओल धरतो. पूर्वी एका दुकानातून फ्रेम करून आणलेले पोस्टर दुसऱ्याच पावसाळ्यात लाटांसारखे उचलले गेले आणि त्यातल्या सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या. कागद कोणता घ्यावा, काच घालावी की ॲक्रिलिक, आणि आकार किती असावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (गिरगाव):
तुमच्या पोस्टरच्या चारही कडा बहुधा मागच्या पुठ्ठ्याला चिकटपट्टीने जखडलेल्या असाव्यात. दमट हवेत कागद फुगतो आणि पसरायला जागा मिळाली नाही की लाटा काढतो. म्हणून कागद फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी पट्टीने टांगावा आणि बाकीच्या कडा मोकळ्या सोडाव्यात. फ्रेमवाल्याला हे मुद्दाम बजावून सांगावे लागते, कारण सगळीकडून चिकटवले म्हणजे काम पक्के झाले, अशी त्याची समजूत असते. निसर्गचित्रात झाडाची फांदी थोडी वाकली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. चौकोनाची बाजू मात्र एक रेसभर ढळली तरी डोळ्याला खुपते. त्यामुळे या प्रकारच्या चित्रांसाठी छपाईपेक्षा फ्रेमवर जास्त खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागद आम्लविरहित, सुती आणि ३०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा घ्या, आणि छपाई पिगमेंट (बारीक रंगकणांच्या) शाईची आहे का, ते विचारून घ्या. साध्या डाय (विरघळलेल्या रंगाच्या) शाईचा लाल रंग पश्चिमेच्या उन्हात लवकर विटतो. काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, नाहीतर पावसाळ्यात छपाई काचेला चिकटते आणि मग सोडवताना रंगच निघून येतो. मी काचच घालतो, कारण ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि धूळही जास्त बसते.

आकाराबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मोंद्रियानचे १९३० मधले लाल, निळ्या आणि पिवळ्या रंगांचे जे प्रसिद्ध चित्र झुरिकच्या संग्रहालयात आहे, ते प्रत्यक्षात जेमतेम ४६ सेंटिमीटर चौरस आहे. म्हणजे ते मूळ मापातच घरी लावता येते आणि त्याच्या काळ्या पट्ट्यांची जाडी चित्रकाराने ठरवली तेवढीच राहते. पोस्टरवाले तेच चित्र चार फुटांवर ताणतात आणि मग त्या पट्ट्या खिडकीच्या गजांसारख्या दिसू लागतात. त्याचेच न्यूयॉर्कमधले ‘ब्रॉडवे बूगी-वूगी’ मात्र १२७ सेंटिमीटरचे आहे. ते लहान केले तर चिमुकल्या चौकटींचा नुसता गजबजाट उरतो. मूळ मापातल्या ४६ सेंटिमीटरच्या प्रतीसाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तर प्रतिमेच्या प्रत्येक बाजूला सुमारे ५,४०० पिक्सेल लागतील. कडा कापू देऊ नका, कारण त्याच्या कित्येक चित्रांत काळी रेघ कडेच्या जराशी अलीकडेच थांबते आणि ते थांबणे त्याने हेतुपुरस्सर केलेले असते.

प्रतिसाद २ (विलेपार्ले):
हक्कांचेही पाहावे. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. मोंद्रियान १९४४ मध्ये गेला, त्यामुळे त्याचा प्रश्न येत नाही. रझांचे निधन २०१६ मधले, तेव्हा त्यांच्या ‘बिंदू’ चित्राची प्रत कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडून काढून घेऊ नका, हक्कधारकांच्या परवानगीने काढलेली प्रतच घ्या. रेषेची ओढ असेल तर भारतीय चित्रकार नसरीन मोहम्मदी यांची शाई-पेन्सिलीची रेखाटने जरूर पाहा, मात्र त्यांनाही हाच नियम लागू आहे.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. ओलीच्या भिंतीवर लावूच नये का?

प्रतिसाद ३ (दादर):
ओल थांबेपर्यंत नकोच. गळती बाहेरून बंद केल्याशिवाय आतून कितीही रंग लावला तरी पोपडे येतातच. तोवर चित्रे आतल्या भिंतीवर लावा आणि फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना रबराचे गुटके चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळती राहील. बुरशी आणि कसर दोन्ही याच बंद फटीत वाढतात. सोफ्याच्या वर टांगायचे असेल तेव्हा मात्र मी ॲक्रिलिकच सुचवेन, कारण खाली माणसे बसतात. माउंटसह फ्रेम साधारण ६० सेंटिमीटरची होईल, त्यामुळे तिसऱ्या चित्राचा मोह सोडा; मध्ये चार इंच ठेवून दोनच लावली तर तुमच्या सोफ्याच्या दोन-तृतीयांश रुंदीत नीट बसतात.

प्रत्येक फ्रेमला दोन हुक द्या, म्हणजे ती पंख्याच्या वाऱ्याने किंवा झाडताना कलणार नाही. टांगताना पाणसळ वापरा, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. आमच्या जुन्या इमारतीत दाराची चौकटच ओळंब्यात नाही, त्यामुळे पाणसळीने सरळ ठरवलेले चित्र तिच्या शेजारी तिरके दिसत होते. शेवटी ते दारापासून तीन फूट दूर सरकवले, तेव्हा कुठे सरळ दिसू लागले.