शब्दचर्चा: जहाज ‘उपलब्ध’ की ‘सज्ज’?

प्रश्न (जळगाव): नौदलावर मराठीतून लेख लिहितोय. जहाजांची दुरुस्ती वेळेवर व्हायला हवी आणि मोहिमेला पुरेशी जहाजंही हाताशी हवीत, ही ओढाताण मांडायची आहे. ‘ऑपरेशनल अव्हेलेबिलिटी’ला ‘उपलब्धता’ चालेल का?

नौदलातून निवृत्त, चाळीसगाव: भाऊ, ‘सज्जता’ म्हणा. धक्क्याला बांधलेलं जहाजही उपलब्धच दिसतं. आपल्या अहिराणीत ‘शे, पन कामनं नही’ (आहे, पण कामाचं नाही), तशी गत.

‘रिफिट’ (जहाजाची ठरावीक काळाने होणारी मोठी दुरुस्ती) हा शब्द मात्र तसाच ठेवा, ‘डागडुजी’ फार तोकडा आहे. जहाज सुक्या गोदीत घेतात, तळ खरवडून रंगवतात, शाफ्ट, प्रोपेलर आणि समुद्राचं पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह खोलून तपासतात. खोलल्यावर एखादा पत्रा गंजून पातळ झालेला निघतो. मग काम वाढतं आणि गोदीसाठी थांबलेल्या पुढच्या जहाजाचीही तारीख सरकते. म्हणून रिफिट टाळून जहाज समुद्रात ठेवायचा मोह होतो. तेवढ्यापुरता सज्ज जहाजांचा आकडा चांगला दिसतो, पण दुखणं वाढलेलं असतं. मला हे मनापासून खटकतं, कारण त्याच जहाजावर आपली पोरं असतात.

विमानवाहू जहाजांचं उदाहरण द्या. २०१३ मध्ये विक्रमादित्य नौदलात दाखल झालं, २०२२ मध्ये विक्रांत. तिसरं हवं, या मागणीमागचं मोठं कारण हेच, की एक रिफिटला गेलं तरी दोन हाताशी राहावीत.

भुसावळ: जहाज दुरुस्तीला गेलं, हे सांगायला ‘आउटेज’ शब्द अजिबात घेऊ नका. दीपनगरच्या वीज केंद्रात संच ओव्हरहॉलसाठी बंद ठेवला की ते ‘आउटेज’. इथल्याच रेल्वेत ‘आउटेज’ म्हणजे वाहतुकीला दिलेली इंजिनं, आणि दुरुस्तीत अडकलेली ती ‘इनइफेक्टिव्ह’. एकाच गावात नेमके उलट अर्थ! वाचक गोंधळेल.

प्रश्नकर्ता: पटलं. ‘सज्जता’ घेतो. आणि ‘रिफिट सायकल’? ‘चक्र’ कसंतरीच वाटतं.

चाळीसगाव: ‘आवर्तन’. गिरणेच्या पाटावरच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. पाटाच्या पाण्याची पाळी म्हणजे आवर्तन; ठरल्या वेळी सुटतं, लांबलं तर पुढच्यांचं गणित बिघडतं. वाक्य असं करा: ‘रिफिटचं आवर्तन लांबलं, की ताफ्यातली सज्ज जहाजं कमी होतात.’